दिवाळी: लहान मुलाला हाताशी घेऊन घरचा आकाशकंदील, किल्ला आणि बाकी सजावट (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाटपाणी

मूल साडेचार वर्षांचं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरी साधारण आठ बाय चार फूट. दिवाळीला अडीच आठवडे आहेत. आकाशकंदील आणि किल्ला दोन्ही घरीच करायचं आहे, तयार किट नको. अट एकच. मुलाने शेजारी बसून नुसतं बघायचं नाही, कामाचा काही भाग खरोखर त्याच्या हातून व्हायला हवा. मापं, साहित्य आणि कुठे फसतं ते सांगाल का? पणत्या, रांगोळी, तोरण यांबद्दलही चालेल.

कामटी

पारंपरिक कंदिलाचं गणित आधी समजून घ्या, मग मुलाला काय द्यायचं ते आपोआप ठरतं.

आपला नेहमीचा कंदील म्हणजे २४ सारख्या काड्या, ६ चौकोन, ८ त्रिकोण आणि १२ कोपरे. बहुतेक जण सहा चौकोन बांधून ते कोपऱ्याला कोपरा जोडतात. मी म्हणेन, लहान मूल असेल तर आठ त्रिकोण बांधा. काड्या तेवढ्याच लागतात, पण बांधलेला त्रिकोण हलत नाही. चौकोन हातात धरला की तिरका होतो आणि मूल वैतागतं.

साहित्य: बुरुडाकडच्या बांबूच्या कामट्या, बोटाच्या नखापेक्षा अरुंद, सोललेल्या. धसं राहिली असतील तर सँडपेपर मारूनच मुलाच्या हातात द्या. प्रत्येक कामटी २२ सेंमी कापा आणि दोन्ही टोकांना १ सेंमीवर पेनाने खूण करा. खुणेवर खूण ठेवून बांधलं की बाजू बरोबर २० सेंमीची होते. ही खूण करायचा कंटाळा केला की एक कोपरा अर्धा सेंमी पुढे जातो, दुसरा मागे, आणि शेवटचा कोपरा काही केल्या जुळत नाही. कंदील वाकडा होण्याचं हे पहिलं कारण. खुणा करणं हे मुलाचं काम: १ सेंमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी कापून द्या, ती टोकाला लावून रेघ मारायची. ४८ रेघा आहेत, दोन बैठकांत होतील.

जोडणी: चार त्रिकोण घ्या, टोक खाली आणि सपाट बाजू वर. वरचे कोपरे एकमेकांना बांधले की मध्ये चौकोन तयार होतो आणि चार टोकं खाली लोंबतात. असाच दुसरा संच करा आणि उलटा ठेवा, म्हणजे टोकं वर. आता टोकाला टोक बांधा, चार गाठी. झाला सांगाडा.

आता दुसरी फसगत. हा सांगाडा उचलला की पिळवटून खाली बसतो. गाठी सैल आहेत असं वाटून लोक त्या पुन्हा पुन्हा आवळतात, पण दोष गाठींचा नसतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाहीत, मधले चौकोन सोडतात. म्हणून बाजूच्या चारही चौकोनांत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून बांधा. दोऱ्याची लांबी गाठीपासून गाठीपर्यंत २८ सेंमी हवी (२० च्या चौकोनाचा कर्ण २८.३). खालच्या चौकोनालाही तसंच. वरच्या चौकोनात दोऱ्याऐवजी ३० सेंमीची एक आडवी कामटी कोपऱ्यातून कोपऱ्यात बांधा. होल्डर तिलाच टांगायचा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दिवा आत जायला पुरेशी जागा उरते.

शेपटी_झिरमिळी

वरचं सगळं बरोबर, पण साडेचार वर्षांच्या मुलाला कामटी बांधता येणार नाही. त्याला कागदी स्ट्रॉ द्या. बाजारातली स्ट्रॉ साधारण २० सेंमीचीच असते. ९० सेंमी दोरा, बोथट गोणसुई. तीन स्ट्रॉ ओवायच्या आणि दोन टोकं मोठ्या माणसाने गाठायची. आठ त्रिकोण मुलाच्या हातचे होतात. पुढची जोडणी वर ‘कामटी’ यांनी लिहिल्याप्रमाणेच. वरची आडवी काडी मात्र बांबूचीच ठेवा.

कामटी

स्ट्रॉचा सांगाडा वाऱ्यात आणि दमट हवेत मऊ पडतो. घरात टांगायला ठीक, गॅलरीत नाही. माझा सल्ला: गॅलरीतला कामट्यांचा करा आणि मुलाचा स्वतःचा छोटा, स्ट्रॉ अर्ध्या कापून १० सेंमी बाजूचा, दिवाणखान्यात. त्यात बॅटरीवरची छोटी दिव्यांची माळ घाला, होल्डर नको.

शेपटी_झिरमिळी

मान्य. आता कागदाचं.

चार बाजूचे चौकोन आणि आठ त्रिकोण झाकायचे, वरचा आणि खालचा चौकोन उघडा. पतंगी कागद घ्या. चौकोनासाठी २३ सेंमी बाजूचा तुकडा, त्रिकोणासाठी २५ सेंमी बाजूचा; दीड सेंमी दुमड सगळीकडे मिळते. टोकं कापून टाका, नाहीतर कोपऱ्यावर कागदाचा गोळा होतो.

खळ: २ मोठे चमचे मैदा, १ वाटी (२०० मिली) गार पाणी. गार पाण्यातच गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा आणि गाळून घ्या. कच्ची राहिली तर चिकटत नाही, वाळल्यावर पापुद्रे सुटतात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. हे मुलाचं काम, आणि ते छान करतं: अर्ध्या इंचाचा ब्रश, काडीवरून फिरवायचा. कागदाला खळ लावली की पतंगी कागद भिजून हातातच फाटतो. मोठ्याने कागद टेकवायचा, दुमड मुलाने बोटाने दाबायची. आधी चौकोन, ते वाळले की त्रिकोण. चौकोनांना कागद लागला की सांगाडा आणखी ताठ होतो.

कागद थोडा ढिला दिसला तर ओढू नका. पूर्ण वाळल्यावर स्प्रेच्या बाटलीने लांबून अगदी हलकं पाणी मारा. पतंगी कागद वाळताना आवळतो. त्याआधी एका कपट्यावर रंग सुटतो का ते बघा. क्रेप कागदाचा रंग हमखास सुटतो, त्यामुळे क्रेप फक्त शेपट्यांना.

शेपट्या: ३ सेंमी रुंद, ५० सेंमी लांब, खालच्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूला पाच. कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडा. कडेला थोडा फाडून दिशा ओळखा आणि त्या दिशेने पट्टी ठेवून मुलाला फाडायला द्या. या वयाला लांब सरळ कापणं जड जातं, फाडणं जमतं. शेवटी काड्यांवरून पांढऱ्या कागदाची २ सेंमीची पट्टी चिकटवा, सगळे जोड झाकले जातात.

जुनाजाणता

खळीत चिमूटभर मोरचूद घातला की झुरळं, कसर लागत नाही. पूर्वी सगळे घालायचे.

दिवेलागण

पूर्वी घालायचे हे खरं, पण मुलाचे हात त्यात असतील तर अजिबात नको. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार, पोटात गेलं तर विष. खळ मुलं चाटतात, चव पिठाचीच असते. टिकवायचीच असेल तर चिमूटभर तुरटी घाला. तेही नको असेल तर थोडी करा आणि उरलेली फेकून द्या. मैदा काही महाग नाही.

दिव्याबद्दलही सांगतो. ३ ते ५ वॅटचा एलईडी, पिवळसर प्रकाशाचा. या मापाच्या कंदिलात मध्यापासून कागद १४ सेंमीवर येतो, एलईडीला भरपूर झालं. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब असेल तर वापरू नका, वाऱ्याने कंदील हलून बल्ब कागदाला टेकला की कागद करपतो. कंदिलाचं वजन वायरवर येऊ देऊ नका: वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार दोरे, ते एकत्र हुकाला, वायर सैल. होल्डर जोडणं आणि प्लग हे पूर्ण मोठ्यांचं काम, त्यात मुलाला वाटा नाही.

परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर वरून मोठी पारदर्शक पिशवी उलटी घाला, खालून उघडी. पिशवी फक्त आत एलईडी असेल तरच.

पाटपाणी

एकदम उपयोगी. मोरचूद वगळतो. किल्ल्याचं कोणी सांगेल का? गॅलरीत वजन किती चालेल याची धास्ती आहे.

पोयटा

धास्ती योग्य आहे. हिशेब करा. ६० बाय ४५ सेंमीचा पाया आणि ३० सेंमी उंची, हा छोटाच किल्ला. पण तो भरीव मातीचा केला तर साधारण ४० लिटर माती, ओली म्हणजे ७० किलोच्या आसपास. पोकळ केला तर अडीच सेंमीच्या थरात ११-१२ लिटर, म्हणजे २० किलो. म्हणून पोकळ. मोठा किल्ला करायचा असेल तर सोसायटीच्या आवारात जमिनीवर.

खाली जाड प्लास्टिक, त्यावर प्लायचा तुकडा किंवा जुना पाट. गॅलरीच्या पन्हळीपासून दूर ठेवा, मातीने पन्हळ तुंबली की खालच्या मजल्याशी भांडण ठरलेलं.

आतला आकार: पुठ्ठ्याची खोकी, दोन-तीन वेगवेगळ्या उंचीची. प्रत्येक खोकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टी लावा. हे टाळलं की दुसऱ्या दिवशी पुठ्ठा ओल शोषतो आणि किल्ला मधूनच खचतो. मोकळ्या जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने भरा.

वरून गोणपाट. चिखल दह्याएवढा पातळ करून त्यात गोणपाट बुडवायचं, पिळायचं नाही, तसंच खोक्यांवर पसरायचं. डोंगराच्या घड्या आपोआप पडतात. हे काम पूर्ण मुलाच्या ताब्यात द्या, फक्त कपडे जुने घाला. एक दिवस वाळू द्या, मग मातीचा थर.

माती: ३ भाग लाल माती, १ भाग चाळलेली वाळू. निव्वळ काळी माती घेऊ नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. काळीच मिळत असेल तर निम्मी वाळू आणि मूठभर बारीक भुसा किंवा चिरलेला पेंढा घाला. बारीक भेगा पडतीलच. दुसऱ्या दिवशी पातळ चिखल ब्रशने भरा, ते मूल करेल.

कोणता किल्ला? या वयाला राजगड सोपा. मध्ये उंच बालेकिल्ला, तीन बाजूंना तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. तीन बोटं आणि मध्ये मूठ एवढं मुलाला सांगितलं की त्याच्या हाताला काय करायचं ते कळतं. रायगडाचा आकार खरं तर सपाट माथ्याचा, पण महादरवाजा वळणात लपलेला असतो; ते मापात बसवणं मोठ्यांनाही अवघड जातं. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग करायचा तर परातीत पाणी ठेवून मध्ये करा, पण पाण्याला लागून असलेली माती विरघळत जाते. तिथे बाहेरून दगड रचावे लागतात.

तटबंदी: माती अंगठ्याएवढ्या जाडीची वळी करून लावा, ओल्या मातीतच दाबा. वाळलेल्या मातीवर ओली लावली तर पकड येत नाही, पोपडा निघतो. जोडाच्या जागी आधी खरवडून पाणी लावा. बुरूज म्हणजे बाटलीच्या झाकणात माती दाबून काढलेली मूद. मूल एका बैठकीत दहा काढेल.

हिरवळ

किल्ल्यावर पेरायचं ते अळीव. मोहरी नको. अळीव भिजवला की बुळबुळीत होतो आणि उतारावर चिकटून राहतो. मोहरी घरंगळून पायथ्याशी जमते.

२ चमचे अळीव अर्ध्या वाटी पाण्यात अर्धा तास. गोळा तयार होईल. तो बोटांनी ओल्या मातीवर पातळ फासायचा. जाड फासला की आतले दाणे कुजतात आणि वास येतो. पाणी दिवसातून दोन-तीनदा स्प्रेने. तांब्याने ओतलं की सगळं वाहून खाली. दुपारचं कडक ऊन येत असेल तर पहिले दोन दिवस ओलं वर्तमानपत्र झाका.

आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड, चौथ्या दिवशी हिरवं. त्यानंतर तीन-चार दिवस चांगलं दिसतं, मग लवून पडतं. म्हणजे वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरा. लवकर पेरून ठेवू, एवढं टाळा. लक्ष्मीपूजनाला पिवळं पडलेलं गवत राहतं. गेरूने रंगवायच्या भागावर बी फासू नका. आधी रंग, तो वाळल्यावर उरलेल्या जागी बी.

लेस्टरवासी

परदेशात असलेल्यांसाठी: अळीव म्हणजे इथल्या बागकामाच्या दुकानातलं क्रेसचं बी, तेच. घरातल्या तापमानाला आठवडा धरा. माती आणायचा त्रास असेल तर पसरट ट्रेमध्ये पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर ओला जाड टिश्यू आणि वर बी; क्रेसला मातीच लागत नाही. पणत्या आणि धूर-इशारा यंत्राचं जमत नाही, उदबत्ती त्याच्या खाली लावू नका. अंधार लवकर पडतो, त्यामुळे कंदील मूल जागं असतानाच लागतो, हा एक फायदा.

गेरू_खडी

पणत्या. बाजारातली मातीची पणती आधी पाण्यात दोन-तीन तास बुडवा. बुडबुडे येणं थांबलं की झाली. न भिजवता तेल घातलं तर पणतीच तेल पिते आणि वात अर्ध्या रात्री विझते. मग एक दिवस कडक उन्हात वाळवा आणि नंतरच रंगवा. ओल्या पणतीवरचा रंग सालीसारखा निघतो.

फक्त बाहेरून रंगवा. चोचीपाशी, जिथे वात टेकते तिथे, बोटभर जागा कोरी. आतून रंग नाही. मुलासाठी ब्रशपेक्षा कापसाची काडी चांगली. ठिपके छान येतात आणि रंग ओघळत नाही.

कणीक-मिठाचे दिवे हौसेने करतात: २ वाट्या कणीक, १ वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. पुण्या-नाशकात वाळतात. मुंबई-कोकणात मीठ हवेतली ओल ओढतं आणि चौथ्या दिवशी दिवा मऊ पडून बसतो. तिथे शाडूची माती वापरा. शाडू भाजलेला नसतो, त्यामुळे तेल घालू नका, सेलवरचा छोटा दिवा ठेवा.

दिवेलागण

पणती लावताना: मुलाच्या अंगावर सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे. घोळदार नायलॉनचा झगा आणि लोंबती ओढणी नको. पणत्या जमिनीवर मुलाच्या वाटेत नाहीत, कठड्याच्या आत भिंतीलगत. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

गेरू_खडी

रांगोळीचं थोडक्यात. गुळगुळीत फरशीवर रांगोळी पाय लागला की फिसकटते. जुन्या पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर गेरू लावून घ्या. अर्धी वाटी गेरू, अर्धी वाटी पाणी, १ चमचा फेव्हिकॉल. फेव्हिकॉल नसेल तर गेरू हाताला निघतो. वाळल्यावर जुन्या फाइलच्या प्लास्टिकचा छाप कापा, मुलाला चहाच्या गाळणीत रांगोळी घालून द्या आणि गाळणीला टिचक्या मारायला सांगा. चिमटीतून रेघ ओढणं या वयाला जमत नाही, गाळणी जमते. फुंकू देऊ नका, पूड बारीक असते, नाकाडोळ्यांत जाते. तांदळाच्या पिठाची काढली तर मुंग्या येतात, तेही चालत असेल तर सर्वांत निर्धोक तीच.

मडगावकर

आमच्याकडे नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात, आणि मुलांचा लक्ष असतो त्याच्याकडेच. लहान करायचा तर एक फुटाचा: दोन काड्यांची फुली, त्यावर सुकं गवत सुतळीने आवळून, डोकं वर्तमानपत्राचं. फटाके आत भरू नका. रंग कागदी मुखवट्यालाच लावा. मुलाने मुखवटा रंगवायचा, जाळणं मोठ्यांनी, मोकळ्या जागेत, बादलीभर पाणी जवळ ठेवून. कारीट फोडणार असाल तर रस्ताभर शोधावं लागतं, आधीच बाजारातून आणून ठेवा.

शेपटी_झिरमिळी

तोरणाचं राहिलं. तीन फुटांच्या दाराला झेंडू एकाला एक लागून ओवला तर बावीस-तेवीस मध्यम फुलं. सुई देठाकडच्या हिरव्या जाड भागातून जायला हवी. पाकळ्यांतून गेली की फूल संध्याकाळपर्यंत गळतं. मुलाला फुलं आणि आंब्याची पानं आळीपाळीने लावून ठेवायला द्या, एक फूल एक पान. हा क्रम त्याने लावला की ओवणं पटापट होतं. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी बांधा.

पाटपाणी

मग क्रम असा धरतो: आधी कामट्या आणि खुणा, पुढच्या आठवड्यात किल्ल्याची खोकी-गोणपाट, वसुबारसेच्या चार दिवस आधी अळीव, पणत्यांचा रंग मधल्या दिवसांत, तोरण आदल्या रात्री. एक शेवटचं: कंदील पुढच्या वर्षी वापरता येतो का? माळ्यावर जागा नाही.

कामटी

कार्तिकी पौर्णिमेपर्यंत राहू द्या, मग उतरवा. कागद ओला करून सोलून काढा, दोन तास भिजला की खळ सुटते. कर्णाचे दोरे आणि वरची आडवी कामटी सोडा, गाठी तशाच ठेवा. आता सांगाडा एका त्रिकोणावर उभा करा आणि समोरचा वरचा त्रिकोण न फिरवता सरळ खाली दाबा, मधला भाग पिळत सांगाडा बसत जातो आणि दोन-दोन कामट्या एकमेकींना लागून येतात. निम्म्याहून कमी जागा लागते. गाठी ओल्या असताना ठेवू नका, दोरा कुजतो. पुढच्या वर्षी उघडून नवे कर्ण बांधले की कागद लावायला तयार.